विहीर बुजवण्याआधी

बंद पडलेल्या कॉम्प्युटरसाठी फोन येतो तेव्हा पलीकडचा माणूस लक्षण सांगत नाही, निकाल सांगतो. ‘हार्डडिस्क गेली.’ ‘व्हायरस घुसला.’ ‘विंडोज उडालं, फॉरमॅट मारायला या.’ मिरजगावच्या पंचक्रोशीत दुरुस्तीचं काम करताना असे निकाल मी सतत ऐकतो आणि दर वेळी ते बाजूला ठेवून साध्या गोष्टी विचारतो. पडद्यावर अक्षरं दिसतात का? पंख्याचा आवाज येतो का? काल नीट बंद केलं होतं, की मधेच लाईट गेली? माणसं आधी चिडतात. काम खोळंबलेलं असतं, बाहेर लोक बसलेले असतात, आणि हा भलत्याच चौकशा करतोय असं त्यांना वाटतं. पण बिघाड सापडतो तो या चौकशांमधूनच.

नगर–सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव कर्जत तालुक्यातलं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी ‘नगरला जाऊन येतो’ हेच अजून तोंडात बसलेलं आहे. मुलूख पर्जन्यछायेचा. ज्वारी, तूर, लिंबोणीच्या बागा, आणि पाणी पोचलं तिथं कांदा आणि ऊस. पाणी, चारा, पैसा सगळं मोजून वापरायची सवय असलेल्या माणसांच्या स्वभावात दुरुस्त होणारी वस्तू टाकून देणं बसत नाही. चपलेचा पट्टा शिवला जातो, जळालेली मोटार पुन्हा भरली जाते, कुदळीला नवा दांडा बसतो. कॉम्प्युटरपाशी मात्र हाच स्वभाव लवकर हात टेकतो. त्याच्या आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यावर माणूस झटकन निकाल देऊन मोकळा होतो.

आणि गावाचा सगळा कागद आता त्या न दिसणाऱ्या जागी जाऊन बसलाय. सातबारा २०१८ पासून डिजिटल सहीचा मिळू लागला. पीकविमा, अनुदान, दाखले, शाळेतल्या पोरांची नोंद, सगळं पडद्यावरून जातं. पूर्वी एखाद्या कार्यालयात साहेब नसले तर काम अडायचं. आता साहेब असतात, कागद असतो, अंगठा द्यायला माणूस हजर असतो, आणि काम अडतं ते मशीन उठत नाही म्हणून. वस्तीवरून रोजगार बुडवून आलेली बाई ‘उद्या या’ ऐकून परत जाते. तिचा तो दिवस कुठल्याच हिशोबात धरला जात नाही.

मला सांगायची आहे ती गोष्ट मार्चअखेरची, आमच्या भागातल्या एका सेवा सोसायटीतली. मार्चअखेर म्हणजे पीककर्जाचं नवंजुनं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. मुदत टळली तर पडतं. म्हणून जो तो ज्वारी विकून, कांदा विकून, पाहुण्यांकडून उसनवारी करून येतो आणि सोसायटीत पहिला प्रश्न विचारतो : ‘माझी बाकी किती निघती तेवढं सांगा.’ ती बाकी कॉम्प्युटरमध्ये होती. आणि कॉम्प्युटर धुळवडीची आणि रविवारची जोडून सुटी झाल्यावर चालू होत नव्हता. बटण दाबलं की पंखा फिरायचा, विंडोजचं चिन्ह यायचं, खाली गोल फिरायला लागायचा, आणि पडदा क्षणभर निळा होऊन मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मी पोचलो तेव्हा ते सकाळपासून तसंच चाललं होतं. बाहेर व्हरांड्यात बाकडं भरलेलं होतं आणि आत सेक्रेटरी अण्णा कपाळाला हात लावून बसले होते. कुणीतरी त्यांना फोनवरून सांगून टाकलं होतं की फॉरमॅटशिवाय इलाज नाही.

फॉरमॅट हा शब्द आमच्या धंद्यात फार सहज वापरला जातो. मशीन अडलं की विंडोज मारायचं, तासाभरात पडदा पुन्हा लख्ख. गिऱ्हाईक खूश होतं, कारण चालू झालेलं मशीन त्याला दिसतं. पुसलं गेलेलं काय ते काही दिवसांनी कळतं. या सोसायटीच्या मशीनमध्ये नव्या प्रणालीवर चढवायचा राहिलेला काही हिशोब होता, आणि जुन्या खतावण्यांच्या पानांचे फोटो होते. त्यातल्या काही खतावण्या वाळवीनं खाल्लेल्या. म्हणजे त्या पानांचा आता तो फोटो एवढाच पुरावा.

या भागात हिशोबाच्या वहीला किती वजन आहे, ते समजून घ्यायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जरोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. हे लोण बघताबघता नगर जिल्ह्यात आलं, श्रीगोंदे, पारनेरपर्यंत पसरलं. बहुतेक ठिकाणी लोकांना माणसं मारायची नव्हती, त्यांना कागद हवा होता. आपल्याला वाचता न येणारा, सावकाराच्याच हातानं लिहिलेला, पिढ्यान्पिढ्या वाढत जाणारा आकडा त्यांना संपवायचा होता. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला, १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुढं १९०४ च्या कायद्यानं सहकारी पतसंस्थांची वाट मोकळी झाली. आणि याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला. सोसायटी ही त्या साऱ्या वाटचालीतली सगळ्यात खालची आणि सगळ्यात जवळची पायरी. तिथली वही सावकाराची नाही, सभासदाची आहे. १८७५ साली वही जाळण्यात शेतकऱ्याची सुटका होती. आज तीच वही पुसली गेली तर नुकसान त्याचंच आहे, कारण त्यानं भरलेला हप्ता, त्याचं भागभांडवल, त्याची वेळेवर फेड हे सगळं तिच्यात आहे.

केंद्र सरकारनं जून २०२२ मध्ये देशातल्या ६३ हजार प्राथमिक सेवा सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांची. हिशोब एका ठिकाणी, सगळ्यांना बघता येईल असा ठेवायचा, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. पण त्या विचारानं गावात यायचं ते एका पेटीतून, आणि ती पेटी सकाळी उठली पाहिजे.

तर ती पेटी. ती कशी उठते हे एकदा समजलं की तिची भीती जाते. बटण दाबल्यावर पहिलं काम पॉवर सप्लायचं. घरातली २३० व्होल्टची वीज उतरवून तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करतो, आणि ती स्थिर झाली की मदरबोर्डला तसा इशारा देतो. इशारा मिळेपर्यंत प्रोसेसर हलत नाही. मग मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला बायॉस जागा होतो. तो मेमरी आहे का, पडदा आहे का, की-बोर्ड आहे का हे तपासतो. सगळं ठीक असेल तर बऱ्याच मशीनमध्ये एक छोटी शिट्टी वाजते. मेमरी नसेल किंवा नीट बसलेली नसेल तर शिट्ट्या वेगळ्या, कधी लांब, कधी लागोपाठ. नंतर बायॉस डिस्ककडे वळतो. जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये तो डिस्कचा पहिला तुकडा वाचतो, अवघ्या ५१२ बाइटचा, आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये ठरलेली खूण आहे का तेवढं पाहतो. खूण पटली की सूत्रं त्या तुकड्याच्या हाती देतो. तो तुकडा स्वतःपेक्षा मोठा प्रोग्रॅम उठवतो, तो आणखी मोठा, आणि अखेरीस विंडोज उभं राहतं. यातल्या कुणालाच सगळं माहीत नसतं. प्रत्येकाला आपल्यापुढचा एक ओळखता येतो, त्याला उठवून तो बाजूला होतो.

म्हणून मशीन चालू होत नाही या तक्रारीला मी एकच प्रश्न विचारतो : कुठवर आलं? पंखाच फिरला नाही तर बोर्ड, वायर, यूपीएस आणि पॉवर सप्लाय बघायचा. पंखा फिरला पण पडदा काळा, तर मेमरी आणि पडद्याची केबल. कंपनीचं चिन्ह आलं आणि डिस्क सापडत नाही असा संदेश आला, तर आधी कुणी पेनड्राइव्ह लावून विसरलंय का ते. विंडोजचं चिन्ह येऊन मशीन मागं फिरलं, तर त्याचा अर्थ इतका प्रवास बिनघोर झालेला आहे. बिघाड त्याच्या पुढं आहे. जिथं मशीन थांबतं तिथपर्यंतची प्रत्येक वस्तू निर्दोष ठरत येते, आणि संशय घ्यायला फार थोडी जागा उरते.

सोसायटीतलं मशीन उघडलं. आत रस्त्याची बारीक पांढरी धूळ, मुंग्यांची रांग. ब्लोअरनं साफ केलं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नव्हते. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरानं घासून पुन्हा घट्ट बसवले. प्रिंटर, डोंगल, सगळं काढून फक्त पडदा आणि की-बोर्ड ठेवला. तरी तेच. मग डिस्क काढली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. सगळी फोल्डरं समोर आली. खतावण्यांचे फोटो उघडून पाहिले, वाळवी लागायच्या आधीची ती पिवळी पानं, बोरूसारख्या जाड निबानं ओढलेल्या रेघा, आणे-पै संपून रुपये-पैसे सुरू झालेले. अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. ‘आहे ना सगळं?’ त्यांनी हळूच विचारलं. सगळं होतं. डिस्क गेली नव्हती आणि फॉरमॅट मारायचं काहीच कारण नव्हतं.

व्हरांड्यातले एक वयस्क शेतकरी, ज्यांना सगळे नाना म्हणत होते, दारातून हे सगळं पाहत होते. त्यांनी आत येऊन विचारलं, ‘सायेब, मोटारीवानीच हाय का हे?’ मी म्हटलं, हो नाना, तसंच. मग ते आपणहून बोलायला लागले. मोटार उचलंना झाली की आधी लाईट तीन फेज हाय का बघायचं. मग फ्यूज. मग स्टार्टर. मग केबल कुठं उंदरानं कुरतडली का. मोटार फिरती आन पाणी येत न्हाई, तर फुटबॉल बघायचा, पाइपात हवा धरली का बघायचं. ‘आवो, मोटार पाणी टाकीना म्हणून कोण विहीर बुजवतंय व्हय?’

मला त्या वाक्याचं मोल पहिल्या क्षणी कळलं आणि ते अजून तेवढंच वाटतं. फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाशी बसवलेली झडप, आमच्याकडं तिला असंच म्हणतात. नानांना बायॉस माहीत नव्हता, पण कारणांना क्रम असतो, स्वस्त आणि जवळची गोष्ट आधी तपासायची, आणि ज्याच्यात आपला साठा आहे त्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा, हे त्यांच्या आयुष्यभराच्या कामातून त्यांच्यात मुरलेलं होतं. बिघाड शोधायची विद्या गावात नाही असं म्हणणाऱ्यानं एखाद्या रात्री विहिरीवर जाऊन पाहावं. रात्रीच्या लाईटीला बॅटरीच्या उजेडात स्टार्टर उघडून बसलेला प्रत्येक शेतकरी तीच विद्या वापरत असतो.

डिस्क परत बसवून मशीन चालू केलं आणि या वेळी अगदी सुरुवातीच्या अक्षरांकडं लक्ष दिलं. काळ्या पडद्यावर संदेश होता : तारीख आणि वेळ लावलेली नाही, पुढं जाण्यासाठी एफ-वन दाबा. ऑपरेटर ताई म्हणाली, ‘हे तर कित्येक महिने येतंय दादा. एफ-वन दाबलं की जातं पुढं.’ सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. मशीनच्या लेखी तो दिवस होता कुठल्यातरी जुन्या वर्षाचा १ जानेवारी. आणि तारखेबरोबर बाकीच्या नोंदीही मूळ जागी गेल्या होत्या. डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं, ती नोंदही त्यातच. विंडोज एका पद्धतीनं बसवलेलं, मशीन दुसऱ्याच पद्धतीनं डिस्कला हाक मारत होतं. विंडोज निम्मं उठायचं, आपली डिस्क त्याला सापडायची नाही, आणि ते मागं फिरायचं. ती एक नोंद बदलली, जतन केली. गोल फिरला, आणि पडदा उघडला.

मूळ कारण निघालं मदरबोर्डवरचा बटनसेल. सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि जुन्या मशीनमध्ये या नोंदीही त्याच्याच जिवावर. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीमध्ये असं घड्याळ नव्हतं, चालू करताना माणसालाच तारीख आणि वेळ टाकावी लागायची. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये सेलवर चालणारं घड्याळ आलं, तेव्हापासून मशीन स्वतःचा दिवस स्वतः लक्षात ठेवू लागलं. मनगटी क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक त्याच्यातही असतो.

हा सेल गावात लवकर का संपतो, याचं कारण गावाच्या सवयीतच आहे. मशीन बंद असलं तरी भिंतीतलं बटण चालू असेल, तर घड्याळाला मुख्य विजेवरून थोडा पुरवठा मिळत राहतो आणि सेल वर्षानुवर्षं टिकतो. आमच्याकडं शॉर्टसर्किटची धास्ती, रात्री-बेरात्री जाणारी-येणारी लाईट, वळवाच्या विजा, म्हणून शहाणा माणूस संध्याकाळी कार्यालयाचा मेन स्विचच पाडून कुलूप लावतो. ते योग्यच आहे. पण मग रात्रभर आणि सुटीभर सगळा भार त्या एका सेलवर येतो. महिनोन्महिने तो थकत होता आणि रोज सकाळी काळ्या पडद्यावर तसं सांगतही होता. जोडून आलेली सुटी त्याला पेलली नाही.

आणि मार्चअखेरीला तारखेचं मोल काय असतं? व्याज लागणार की नाही ते एका तारखेवर ठरतं. मशीनची तारीख चुकीची असेल तर सुरक्षित संकेतस्थळंही उघडत नाहीत, कारण प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि जुन्या वर्षात अडकलेल्या मशीनला ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं. डिजिटल सहीचंही तेच. बाजारातल्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, बसवला, तारीख लावली. ताईनं प्रणाली उघडली आणि पहिली बाकी नानांची काढली.

हे सगळं लहान आहे, तालुक्याच्या कोपऱ्यातलं आहे, असं मला वाटत नाही. १९ जुलै २०२४ या दिवशी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. विमानं थांबली, आपल्याकडंही विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कंपनीनं सुधारलेली फाइल तासा-दीड तासातच दिली, पण ती पोचवायची कशी? जे मशीन पूर्ण उठतच नाही ते इंटरनेटला जोडलं जात नाही, आणि जे जोडलं जात नाही त्याला लांबून दुरुस्त करता येत नाही. अखेर कित्येक मशीनसमोर एकेक माणूस बसला, सेफ मोडमध्ये गेला, ती फाइल हातानं पुसली आणि पुढच्या मशीनकडं सरकला. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांनाही त्या दिवशी समोर बसणारा माणूसच लागला.

म्हणून मी त्या दिवशी बिल करण्याआधी ताईला मशीन उघडायला लावलं. सेल कुठं असतो, कसा काढायचा, तारीख कुठं लावायची, डिस्कची नोंद कुठली ठेवायची, हे तिनं स्वतः करून पाहिलं आणि एका कागदावर मराठीत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. सेल बदलल्याची तारीखही त्यावर टाकली. पुढं तिचा फोन आला तो दुसऱ्याच कशासाठी तरी, पण ती निकाल सांगत नव्हती. ‘दादा, पंखा फिरतोय, शिट्टी वाजत नाही, पडदा काळा आहे, मेमरी घासून पाहिली, फरक नाही,’ असं ती सांगत होती. निम्मं काम तिनं केलेलं होतं. उरलेलं आम्ही फोनवरच केलं, आणि मला तिथपर्यंत जावं लागलं नाही.

माझा धंदा याच्यानं थोडा कमी झाला असेल तर होऊ दे. यंत्रं द्यायला सरकारकडं तरतूद आहे, सॉफ्टवेअर द्यायलाही आहे. त्याच तरतुदीत प्रत्येक सोसायटीतल्या, ग्रामपंचायतीतल्या, शाळेतल्या एका माणसाला चार दिवस बसवून हे शिकवण्याची सोय असली पाहिजे : मशीन कुठवर आलं ते ओळखायचं, स्वस्त कारण आधी तपासायचं, साठ्याला शेवटी हात लावायचा, आणि पडद्यावर रोज दिसणारा संदेश वाचायचा. एमएस-सीआयटी करून बसलेल्या आमच्या पोरापोरींना हे अवघड नाही. मोटारीच्या बाबतीत त्यांच्या घरातली म्हातारी माणसं हे आधीपासूनच करत आली आहेत.